सुपडूआबांचं पाऊल

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात मी अनुरेखक म्हणून, म्हणजे नकाशे काढायला, रुजू झाले, त्या दिवशी साहेबांकडे गावातल्या पाइपलाइनचा नकाशा मागितला. अनुरेखकानं दुसरं मागायचं तरी काय? साहेबांनी फायलीतून मान वर न करता सांगितलं, "नकाशा जेवायला गेलाय. येईल अर्ध्या तासात. बसा."

मला वाटलं, नवीन मुलगी म्हणून थट्टा चाललीय. मी बसले. अर्ध्या तासानं खरोखरच नकाशा आला. साठीला टेकलेला, काटकुळा, खाकी सदऱ्याची वरची दोन बटणं तुटलेली, खांद्यावर पाच फुटी लोखंडी सळई. आल्या आल्या त्यानं सळई कोपऱ्यात उभी केली, माठातलं पाणी प्यायला आणि मला विचारलं, "कोनती गल्ली पाहिजे, ताई?"

हे सुपडूआबा. आधीची दोन मुलं दगावली, म्हणून जन्मल्याबरोबर आईनं सुपात घालून ओढलं आणि नाव ठेवलं सुपडू. आमच्या खानदेशात असे सुपडू, दगडू, भिका गावोगाव सापडतील. पण धुळे जिल्ह्यातल्या आमच्या त्या तालुक्याच्या गावाला सुपडू म्हटलं की एकच माणूस आठवायचा. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ज्यांची नावं घ्यायची नाहीत तेही ओळखू येतील.

मी फैजपूरकडची, केळीच्या पट्ट्यातली. तिकडची बोली वेगळी, इकडची अहिराणी वेगळी. पहिले सहा महिने आबा बोलायला लागले की मी नुसती मान हलवायची. त्यांच्या ते लक्षात आलं होतं. मग माझ्याशी बोलताना ते अर्धी अहिराणी आणि अर्धी हापिसातली मराठी अशी एक खिचडी रांधायचे. पण एक वाक्य त्यांनी कधी बदललं नाही. "पानी बोलस, ताई. मानूस आयकत नही." पाणी बोलतं, माणूस ऐकत नाही. हे ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे, आणि तिसऱ्यांदा म्हणायला लागले की मीच पुरं करायची.

गावात कुठंही खणायचं असलं, घराचा पाया असो, विजेचा खांब असो, टेलिफोनची केबल असो, आधी आबांना बोलवायचं हा रिवाज होता. कुणी ठरवलेला नव्हता, पडला होता. जमिनीखाली पन्नास वर्षांत तीनदा लाइन टाकलेली. आधी बिडाची, मग सिमेंटची, मग प्लॅस्टिकची. जुनी कुणी काढली नाही, नवी कुठून गेली ते कुणी लिहिलं नाही. जिल्ह्याहून एकदा लोखंड शोधायचं मशीन आणलं होतं. ते बिडाच्या पाइपावर वाजायचं, पडलेल्या खिळ्यावरही वाजायचं, आणि सिमेंटच्या पाइपावरून मुकाट जायचं. गावची मुख्य लाइन सिमेंटचीच. मशीन आल्या वाटेनं परत गेलं.

आबांची पद्धत अशी. पाचव्या दिवशी पाणी सुटायचं, तेव्हा ते चपला काढून रस्त्यात बसायचे, सळईचं एक टोक जमिनीला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावायचे, डोळे मिटायचे. भोवती रिक्षा, म्हशी, शाळेची पोरं. त्यांना काही ऐकू यायचं नाही, फक्त खालचं ऐकू यायचं. एक वीत इकडं, एक वीत तिकडं असं सरकत सरकत ते थांबायचे, आणि तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन तिथं टिकली लावायचे. "आठे." इथं. बस. "बहुतेक", "वाटतं", "असेल" हे शब्द त्यांच्या तोंडी नव्हते. माहीत नसलं तर ते "माहीत नाही" म्हणायचे आणि सळई उचलून चालू पडायचे.

एकदा बाजारपेठेतल्या एका शेठजींना दुकानामागं गोदाम बांधायचं होतं. राजस्थानातून आलेलं घराणं, तीन पिढ्या गावात, कापसाचा व्यापार. शेठजींनी आबांना बोलावलंच, पण मनाची खातरी म्हणून बोअरसाठी पाणी बघणारा एक नारळवालाही बोलावला. त्यानं तळहातावर नारळ आडवा धरला, जागेत दोन फेऱ्या मारल्या, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. शेठजींनी आबांकडे पाहिलं. आबा मघाच चुना लावून मोकळे झाले होते, तो अगदी उलट्या कोपऱ्यात. शेठजी म्हणाले, "आबा, नारळ तर तिकडं उभा राहतोय."

आबा म्हणाले, "नारळाले देवनं पानी समजस, शेठ. नगरपालिकानं कसं समजी?"

देवाचं पाणी कळणाऱ्या नारळाला नगरपालिकेचं कसं कळणार, यावर नारळवालाही हसला. चुन्याच्या टिकलीवर हातानं खणलं, तीन हातांवर पाइप लागला. शेठजींनी गोदामाची भिंत आत घेतली. नारळवाल्यानं दाखवलेल्या जागी पुढं बोअर केला, त्यालाही पाणी लागलं. आबांना याचं फार समाधान वाटलं होतं. "तो बी खरा, मी बी खरा," असं ते लोकांना सांगत फिरायचे. खरं ठरणं ही त्यांची एकच चैन होती. दुसरं व्यसन म्हणावं तर तंबाखूचं.

सळई झाली पाण्याच्या दिवशी. मधले चार दिवस लाइन मुकी असायची, तेव्हा आबा वही काढायचे. दोनशे पानी शाळेची वही, पुठ्ठ्याला पिठाच्या खळीनं कापड चिकटवलेलं. चौथी शिकलेल्या हाताचं मोठं मोठं अक्षर. पंचविशीत असताना मुख्य लाइन टाकायच्या गँगवर ते होते. टेप स्टोअरकीपरच्या कपाटात कुलपात असायची, मुकादमाला मिळायची नाही. मग आबांनी सगळं गाव पावलांनी मोजलं. "भोई गल्ली. निंबापासून उगवतीला वीस पावलं, तीन हात खोल." "गिरणीच्या ओट्यापासून मावळतीला साडेअकरा पावलं. आठे जोड शे." अशी पानंच्या पानं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. मी एकदा विचारलं, का लिहिलं एवढं? तर म्हणाले, "झाकायच्या आधी पाहिलं ना मी. मंग कोन पाहिन?"

ते निवृत्त झाले तरी बोलावणं यायचंच. निवृत्तीच्या आदल्या वर्षी ते व्हॉल्वच्या चेंबरमध्ये घसरले होते, उजवा गुडघा कायमचा सुजला. सळई टेकत, एक पाय ओढत यायचे. मग गावात भुयारी गटार मंजूर झाली. गल्लीगल्लीत सात फूट खोल चर खणायचे, ते पाण्याच्या लाइनीला लागूनच. ठेकेदाराला नकाशा पाहिजे होता. साहेबांनी मला बोलावलं. "तो म्हातारा आहे तोवर सगळं कागदावर उतरवून घ्या. महिना आहे तुमच्याकडं."

मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तीन वर्षं मी रेशनकार्डाच्या झेरॉक्स लावत बसले होते. आता पहिल्यांदा माझ्या कामाचं काम आलं होतं. आणि आबांना तर त्याहून झाला. दुसऱ्या दिवशी सदऱ्याला नवी बटणं लावून आले. त्यांना एकच पाहिजे होतं. आपण पाहिलेलं आपल्या मागं कुणाला तरी दिसावं.

अडचण निघाली ती वेगळीच. वहीतला निंब रस्ता रुंद करताना तोडलेला. गिरणीचा ओटा पाडलेला. आम्ही दोघं भोई गल्लीत जाऊन म्हाताऱ्या बायांना विचारत बसलो, निंब नेमका कुठं होता? तीन जणी जमल्या आणि तिघींचे तीन निंब झाले. शेवटी त्यांतली सगळ्यांत म्हातारी उठून एका घराच्या पायरीपाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, दुपारी माझ्या खाटेवर सावली यायची, आणि खाट या पायरीला टेकलेली असायची. आबांनी लगेच मान हलवली. असे आम्ही तेवीस निंब, ओटे, खांब आणि पायऱ्या शोधल्या. वीस दिवस गेले. आबांच्या गुडघ्यावर लिंबाएवढी सूज चढली, पण वहीतलं एक पान त्यांनी सोडू दिलं नाही.

मग पावलांचे फूट करायचे होते. इथं मी हुशारी केली. आबांना नगरपालिकेच्या आवारात उभं केलं, फरशीवर खडूनं रेघ मारली आणि वीस पावलं चालायला लावलं. एकदा नाही, तीनदा. टेपनं मोजलं, सरासरी काढली. पाऊल पावणेदोन फुटांचं. वहीत पुढच्या पानावर मी लाल शाईनं लिहिलं, एक पाऊल म्हणजे पावणेदोन फूट, आणि खाली रेघ ओढली. आबा बाजूला बाकावर बसून गुडघा चोळत होते. मला म्हणाले, "ताई, पानी सुटी तवय एक फेरा जागावर मारू. सळई लावीसन पाहू." मी म्हटलं, पाहू ना आबा. पण पाण्याचा दिवस तीन दिवसांवर आणि नकाशा द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी. साहेब म्हणाले, म्हाताऱ्याचा हट्ट आहे, सोडा. मी सोडला.

नकाशा सुरेख झाला होता, हे मला आजही म्हणावं लागतं. निळ्या रेघा, लाल व्हॉल्व, कोपऱ्यात उत्तरेचा बाण. खाली "माहिती: सेवानिवृत्त कर्मचारी" असं लिहून आबांचं नाव, आणि त्याखाली माझी सही. आबांनी त्या नकाशावरून बोट फिरवलं. त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. आपलं नाव तेवढं दोनदा वाचलं.

चर खणायला भोई गल्लीतूनच सुरुवात झाली. आबा त्या दिवशी जळगावला होते, मुलीनं गुडघा दाखवायला नेलं होतं. नकाशाप्रमाणे लाइन गल्लीच्या त्या अंगाला, म्हणून जेसीबी या अंगाला लावला. दुसऱ्याच घावाला मुख्य लाइन फुटली. नकाशात दाखवली त्यापासून ती पुरी दहा फूट बाजूला होती. पाण्याचा लोंढा चरात, चरातली घाण लाइनीत. अर्ध्या गावाला अकरा दिवस पाणी नव्हतं. टँकरवर हंड्यांनी डोकी फुटली. पुढं भोई गल्लीतली लहान मुलं कावीळ होऊन धुळ्याला नेली. वाचली सगळी, पण ते दिवस कुणी विसरणार नाही.

आबा जळगावहून परतले, तर बस स्टँडपासून घरापर्यंत लोक बोलत होते. तोंडावर कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. सगळे कीव करत होते. म्हातारा झाला बिचारा, डोकं चालत नाही आता, त्याच्या भरवशावर राहायलाच नको होतं. चौकशी लागली. अहवालात वाक्य आलं, "सेवानिवृत्त कर्मचाऱ्याची स्मृती क्षीण झाल्याने दिलेली माहिती चुकीची ठरली." त्याची प्रत मीच टाइप केली. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

दोन महिन्यांनी वही परत करायची म्हणून मी ती चाळत होते. एका पानावर दिसलं, "शाळेचं फाटक ते विहिरीचा कठडा, चाळीस पावलं." हे फाटकही जागेवर होतं आणि विहीरही. सहज म्हणून मी टेप घेऊन गेले. शिपायाला एक टोक धरायला लावलं. नव्वद फूट भरलं. मी पुन्हा मोजलं. नव्वदच. चाळीस पावलांत नव्वद फूट म्हणजे एक पाऊल सव्वादोन फुटांचं.

तिथंच कठड्यावर बसले मी. शिपाई विचारत होता, ताई, काय झालं? वहीतली पावलं पंचविशीतल्या जवानाची होती. मी मोजलेलं पाऊल गुडघा सुजलेल्या म्हाताऱ्याचं होतं. दर पावलामागं अर्धा फूट. वीस पावलांना दहा फूट. आबांचं एक अक्षर चुकलं नव्हतं. चुकली होती ती मी, आणि पाच मिनिटांत कळण्यासारखी चूक.

तशीच त्यांच्या घरी गेले. आबा ओसरीवर बसले होते, तंबाखू न मळता डबी नुसती हातात. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्कांनी मला आत बोलावून हळूच सांगितलं, "दिनभर काहीबाही म्हनत बसतस. पोरेसनी नावं, सोयरासनी गावं. याद शे का गयी, ते पाहतस." दिवसभर बसून ते स्वतःची परीक्षा घेत होते. पोरांची नावं आठवतात का, सोयऱ्यांची गावं आठवतात का. मला तिथं उभं राहवेना.

बाहेर येऊन मी सगळं सांगितलं. फाटक, विहीर, नव्वद फूट. आबांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "म्हनजे मनं डोकं ठीक शे." आणि हसले. तसं मोकळं हसणं मी त्यांचं त्याआधी ऐकलं नव्हतं. अक्काही दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, मी साहेबांना लिहून देते, आबा. अहवाल बदलून घेते.

हसू थांबलं. त्यांनी विचारलं, "कागदवर सही कोनी शे?"

"माझी."

"आनि तुमनी नोकरी पक्की व्हयनी का?"

नव्हती झाली. सहा महिने बाकी होते. मी सांगायच्या आधीच त्यांना ते कळलं. त्यांनी डबी उघडली, पहिल्यांदाच, आणि तंबाखू मळायला घेतली. "मंग ऱ्हाऊ द्या, ताई. मनी नोकरी व्हई गयी. तुमनी व्हवानी शे."

त्यांची होऊन गेली, माझी व्हायची आहे. मी म्हटलं, असं कसं आबा, असं चालणार नाही. अगदी ठासून म्हटलं. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं उभी राहिले आणि तोंडी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, "लेखी द्या, मी पुढं पाठवतो. मग चौकशी तुमच्यावर फिरेल, आणि मुलांना कावीळ झालेली आहे हे लक्षात ठेवा. विचार करून द्या."

मी विचार करायला घेतला. चार दिवस केला, मग आठवडा, मग महिना. घरी फैजपूरला वडिलांचं आजारपण होतं, हेही खरं. पण ते नसतं तरी मी दिलं असतं असं छातीला हात लावून सांगता येत नाही. मी लेखी दिलं नाही. माझी नोकरी पक्की झाली.

आबांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. गटारीचं काम वर्षभर रखडून आबांच्याच गल्लीत आलं होतं. नकाशा तर केव्हाच बाद झालेला. ठेकेदाराची माणसं अंदाजानं खणायची आणि फुटलं की जोडायची, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली होती. साहेब आले होते, मी फाइल घेऊन त्यांच्या मागं. गल्लीतल्या बाया दारात उभ्या. त्यांच्यात काठी टेकून आबा. सळई नव्हती.

ठेकेदाराच्या सुपरवायझरनं त्यांना ओळखलं. जेसीबीवाल्याला थांबवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "आबा, तुम्ही जुने माणूस. सांगा, कुठं खोदू?"

दोनचार जण हसले. साहेब हसले नाहीत, ते आबांकडे पाहायला लागले. आबांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग माझ्या पायांपुढच्या जमिनीकडे. मी तोंड उघडायला पाहिजे होतं. त्या गल्लीत, त्या दिवशी, एवढंच एक करण्यासारखं होतं.

"माले आते काहीच याद नही, भाऊ," आबा म्हणाले. "इसरी गऊ मी."

एक बाई चुकचुकली. साहेबांनी मान वळवली. जेसीबी सुरू झाला. त्या आवाजात आबा काठी टेकत माझ्यापर्यंत आले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "ताई, जरा आंगे व्हा. साडी भिजी जाई."

मी बाजूला झाले. मग बकेट खाली आली, आणि मी उभी होते तिथून पाणी वर आलं.